मुंबई हायचे तेल कसे शिजले?

समुद्रात मेलेले सूक्ष्म प्लवक आणि शैवाल चिखलासोबत तळाशी बसतात. तिथे प्राणवायू अपुरा असेल, तरच ते पुरते कुजत नाहीत. वर गाळाचे थर चढत गेले की या अवशेषांचे केरोजेन बनते. नेहमीच्या सेंद्रिय द्रावकांत ते विरघळत नाही.

पुढचे काम उष्णतेचे. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. सुमारे ६० अंशांपुढे केरोजेनचे मोठे रेणू तुटू लागतात आणि तेल सुटते. १५० अंशांपलीकडे तेलाचाही वायू होऊ लागतो. तेल दाबामुळे बनते, हा समज सर्रास आढळतो. पण दाबाचा वाटा दुय्यमच. उष्णतेची उणीव मात्र लाखो वर्षांचा काळ काही अंशी भरून काढतो.

मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हाय क्षेत्रात ‘सागर सम्राट’ या खोदकाम रिगला १९७४ मध्ये लागलेले तेल मुख्यतः पन्ना शैलसमूहातील शेल खडकांत तयार झाले. त्यांच्या सेंद्रिय द्रव्यात जमिनीवरील वनस्पतींचाही अंश आहे. तिथून वर सरकलेले तेल वयाने लहान असलेल्या चुनखडकाच्या छिद्रांत साठले. त्यावरच्या शेलने ते अडवून धरले.