बाराबोअरची परिभाषा : शॉटगन नेमबाजीची तोंडओळख

नेमबाजी म्हटले की मराठी वाचकाला अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत किंवा २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे ही नावे चटकन आठवतात, आणि ही सर्व नावे रायफल किंवा पिस्तूल या दोन शस्त्रांशी निगडित आहेत. या खेळाची तिसरी शाखा शॉटगनची. बिकानेरचे महाराजा करणीसिंह १९६० ते १९८० या काळात पाच ऑलिंपिक स्पर्धांत उतरले आणि १९६२ साली कैरो येथील जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले, ते शॉटगनवर. राज्यवर्धनसिंह राठोड यांचे २००४ सालचे अथेन्समधील रौप्यपदकही शॉटगनचेच होते. तरीही महाराष्ट्रात ही शाखा मागेच राहिली. तिला लागणारे विस्तीर्ण मोकळे मैदान आणि प्रत्येक बारागणिक खर्ची पडणारे महागडे काडतूस ही त्यामागची उघड कारणे असली, तरी तिची अनोळखी परिभाषाही नवख्याला दूर ठेवते.

रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात. त्या एकाच गोळीला स्वतःभोवती फिरवत सरळ धाडतात. शॉटगनची नळी आतून गुळगुळीत असते आणि तिच्यातून एक गोळी नव्हे, तर शेकडो बारीक छऱ्यांचा पुंजका बाहेर पडतो. रायफलचे लक्ष्य स्थिर असते, शॉटगनचे उडते असते. या शस्त्राची बहुतेक सारी परिभाषा याच दोन गोष्टींतून, म्हणजे पसरत जाणारे छरे आणि पळते लक्ष्य यांतून, निर्माण झाली आहे.

आरंभ ‘बोअर’ किंवा ‘गेज’ या मापापासून करावा लागतो. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. म्हणजे आकडा वाढेल तशी नळी अरुंद होते. बारा बोअरच्या नळीचा अंतर्व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, तर वीस बोअरचा सुमारे १५.६ मिलिमीटर असतो. ‘चारशे दहा’ हे या पद्धतीला अपवाद असून तो आकडा इंचाच्या हजारांशांत मोजलेला सरळ व्यासच आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत बारा बोअरहून मोठी बंदूक चालत नाही आणि लहान बोअर घेऊन काही सवलत मिळत नाही, त्यामुळे मैदानावर बाराबोअरच सर्वत्र दिसते.

काडतूस हाताळल्याशिवाय पुढचे शब्द कळत नाहीत. पितळी बुडाच्या मध्यभागी ‘प्रायमर’ ही ठिणगी पाडणारी लहान टोपी असते. तिच्यावर दारू, दारूवर ‘वॅड’ नावाचा प्लास्टिकचा पेला आणि त्या पेल्यात छरे, अशी ही रचना असून, प्लास्टिकच्या नळकांड्याचे तोंड घड्या घालून तारकेच्या आकारात मिटवलेले असते. वॅड दारूचा वायू मागे अडवतो आणि नळीत छऱ्यांना भिंतीवर घासू देत नाही; बार झाल्यावर तो नेमबाजापासून थोड्याच अंतरावर गळून पडतो, म्हणून सरावानंतर मैदानावर पाकळ्या उघडलेल्या या पेल्यांचा खच दिसतो. काडतुसाची लांबी घड्या उलगडल्यानंतरची मोजतात, हे नवख्यांच्या ध्यानात येत नाही. सत्तर मिलिमीटरचे न वापरलेले काडतूस प्रत्यक्षात त्याहून आखूड असते, त्यामुळे ते नळीतल्या कमी लांबीच्या काडतूस-घरात सहज शिरते. पण बार होताना घड्यांना उलगडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. म्हणून नळीवर कोरलेला आकडा काडतुसाच्या आकड्याशी ताडून पाहणे हे पहिले कर्तव्य ठरते. पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्याची बाराबोअर काडतुसे या निमित्ताने अनेकांना आठवतील.

छऱ्यांचे वजन ‘लोड’ या शब्दाने सांगतात. ऑलिंपिक प्रकारांत ते २४ ग्रॅम ठरलेले आहे. छऱ्यांचा क्रमांकही उलटा चालतो. साडेसात क्रमांकाचा छरा सुमारे २.४ मिलिमीटर व्यासाचा, तर नऊ क्रमांकाचा सुमारे २ मिलिमीटरचा असतो. त्याच २४ ग्रॅममध्ये पहिल्या प्रकारचे अंदाजे तीनशे, तर दुसऱ्या प्रकारचे पाचशेच्या आसपास छरे मावतात. दूरच्या लक्ष्यासाठी जोर टिकवणारे मोठे छरे आणि जवळच्या लक्ष्यासाठी संख्येने अधिक असलेले बारीक छरे, असा हा हिशेब आहे.

नळीच्या तोंडाशी तिचा व्यास किंचित आवळलेला असतो, त्यास ‘चोक’ म्हणतात. हे आवळणे मिलिमीटरच्या अंशांत असते, पण त्याने छऱ्यांचा पसारा पुष्कळ बदलतो. चाळीस यार्डांवर, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरवर, तीस इंच व्यासाच्या वर्तुळात एकूण छऱ्यांपैकी किती टक्के पडतात, यावरून चोक ओळखण्याची जुनी रीत आहे. ‘फुल’ चोकमध्ये सुमारे सत्तर, ‘मॉडिफाइड’मध्ये साठ, ‘इम्प्रूव्ह्ड सिलिंडर’मध्ये पन्नास आणि न आवळलेल्या ‘सिलिंडर’ नळीत चाळीस टक्के असे हे ढोबळ प्रमाण. वर्तुळातील छऱ्यांच्या या विखुरणीस ‘पॅटर्न’ म्हणतात. आजच्या अनेक बंदुकांत चोकच्या सुट्या नळ्या किल्लीने पिळून बदलता येतात, आणि दोन लक्ष्ये चुकली की चोक बदलण्याचा मोह नवख्यांना हमखास होतो. वास्तविक लक्ष्य चुकण्याचे कारण तिथे क्वचितच असते.

खेळात मुख्यतः ‘ओव्हर-अँड-अंडर’ दुनळी वापरतात. तिच्या नळ्या एकीवर एक असतात, तर जुन्या शिकारी दुनळीच्या शेजारी-शेजारी. एकीवर एक नळ्यांमुळे नजरेपुढे एकच अरुंद रेषा राहते. वरच्या नळीवरील सपाट पट्टीस ‘रिब’ आणि तिच्या टोकावरील मण्यास ‘बीड’ किंवा मराठीत माशी म्हणतात. ही बंदूक बिजागरीवर मोडून उघडते. उघडताच ‘एक्स्ट्रॅक्टर’ काडतूस थोडे वर उचलतो, तर ‘इजेक्टर’ वापरलेले काडतूस बाहेर फेकतो. मैदानावर बंदूक नेहमी मोडलेली आणि रिकामी धरून चालायचे आणि आपल्या स्थानकावर पाळी आल्यावरच भरायची, हा नियम स्पर्धेत आणि सरावात सारखाच पाळला जातो.

यानंतर येतो दस्ता, आणि खरे तर विवेचन त्यापासूनच सुरू व्हायला हवे. शॉटगनला मागची माशी नसते. त्या जागी नेमबाजाचा स्वतःचा डोळाच असतो. डोळा रिबच्या नेमका मागे आणि योग्य उंचीवर यावा, ही सारी जबाबदारी दस्त्याची. गाल जिथे टेकतो ती दस्त्याची वरची कड म्हणजे ‘कोम’. रिबच्या रेषेपासून ती किती खाली आहे, ते अंतर म्हणजे ‘ड्रॉप’. कोम फार खाली असला तर डोळा बंदुकीच्या मागे दडतो आणि नेमबाज नकळत गाल उचलतो. फार वर असला तर छरे लक्ष्याच्या वरून जातात. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर ‘लेंग्थ ऑफ पुल’ या नावाने ओळखले जाते. ते जास्त झाले तर खांद्याला लावताना दस्ता कपड्यात अडकतो, आणि कमी झाले तर बाराच्या धक्क्यासरशी अंगठा नाकावर आदळतो. दस्त्याचा डावीकडे-उजवीकडे दिलेला किंचित बाक म्हणजे ‘कास्ट’. डावखुऱ्याने उजव्यासाठी घडवलेली बंदूक घेतली, तर हा बाक उलटा पडतो.

याच संदर्भात ‘मास्टर आय’, म्हणजे प्रबळ डोळा, ही संज्ञा येते. दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांत लहानसे भोक करावे, दोन्ही डोळ्यांनी त्यातून दूरची वस्तू पाहावी आणि मग एकेक डोळा मिटावा. जो डोळा उघडा असताना वस्तू भोकात राहते, तो प्रबळ. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ असेल, तर बंदूक कितीही उत्तम असली तरी ती भलतीकडे रोखली जाते, म्हणून ही तपासणी बंदुकीच्या खरेदीआधी व्हायला हवी.

लक्ष्य म्हणजे डांबर आणि चुनखडीच्या मिश्रणातून बनवलेली, ११० मिलिमीटर व्यासाची आणि सुमारे १०५ ग्रॅम वजनाची तबकडी. तिला आजही ‘क्ले पिजन’ म्हणतात, कारण तिच्या जागी पूर्वी जिवंत कबुतरे सोडत. १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही ती मारली गेली. ‘ट्रॅप’ प्रकारात खंदकातील पंधरा यंत्रे तबकडी नेमबाजापासून दूर फेकतात आणि पात्रता फेरीत एका तबकडीवर दोन बार करता येतात. ‘स्कीट’मध्ये डाव्या बाजूच्या उंच आणि उजव्या बाजूच्या ठेंगण्या घरातून तबकड्या आडव्या उडतात, नेमबाज आठ स्थानकांवरून एकेकच बार करतो, आणि तबकडी दिसेपर्यंत दस्ता कमरेशी ठेवावा लागतो. निदान एक तुकडा उडालेला दिसला तरच पंच गुण देतो; नुसती धूळ उडाली तर ती तबकडी ‘लॉस्ट’.

आडव्या तबकडीवर थेट रोखून भागत नाही. वीस मीटरचे अंतर कापायला छऱ्यांना सुमारे ०.०६ सेकंद लागतो. तेवढ्यात सेकंदाला वीस मीटर वेगाने जाणारी तबकडी सव्वा मीटरच्या आसपास पुढे सरकते. हे पुढचे अंतर म्हणजे ‘लीड’, तबकडीबरोबर बंदूक फिरवणे म्हणजे ‘स्विंग’ आणि चाप ओढल्यावरही ते फिरणे न थांबवणे म्हणजे ‘फॉलो थ्रू’. नवख्यांच्या बहुतेक तबकड्या मागून चुकतात, त्या बार होताक्षणी स्विंग थांबल्यामुळे.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बाराबोअरसाठी परवाना आवश्यक आहे, तेव्हा नवशिक्याने खरेदीची घाई न करता प्रथम मान्यताप्राप्त क्लबमध्ये प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली तेथील बंदुकीवर शिकावे. पुढे स्वतःची बंदूक घेतली की चोकच्या नळ्यांचा संच नंतरही घेता येईल. पहिला खर्च दस्ता अंगाला जुळवून घेण्यावर करावा.