कुमारवयातील डोकेदुखी आणि जबड्याचा सांधा

कानाच्या लगत पुढे बोट ठेवून तोंड उघडले असता जी हालचाल जाणवते, ती कानशिलाचे हाड व खालचा जबडा यांच्या सांध्याची होय. परीक्षेच्या चिंतेने दिवसा दात आवळणाऱ्या किंवा झोपेत दात खाणाऱ्या मुलामुलींच्या कानशिलावरील चर्वणस्नायूंवर अहोरात्र ताण पडतो. आणि जबडा, दात व कपाळ यांच्या संवेदना तीन शाखांच्या एकाच मज्जातंतूमार्फत मेंदूकडे जात असल्यामुळे, व्याधीचे मूळ जबड्यात असूनही फिर्याद मात्र डोक्याची दाखल होते. जबड्याच्या सांध्याचा व स्नायूंचा हा विकार वयात आल्यानंतर मुलींत अधिक आढळतो.

सकाळी कानशिले ठणकणे, चावताना वेदना वाढणे, तोंड पुरते न उघडणे, ही त्याची लक्षणे. वेदनारहित नुसत्या ‘कट्’ आवाजाला मात्र सहसा उपचार लागत नाहीत. मऊ आहार, ऊबदार शेक, च्युइंगगम वर्ज्य करणे, दात विलग ठेवण्याची सवय आणि आवश्यक तेथे दंतवैद्याने बसविलेली रात्रीची पट्टी, एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो; शस्त्रक्रियेची जरुरी क्वचितच भासते. परंतु डोकेदुखी अकस्मात व तीव्र उद्भवली, अथवा तिच्यासोबत ज्वर, वारंवार वांत्या वा दृष्टिदोष असला, तर विलंब न लावता वैद्यकीय तपासणी करून घेणे हे पालकांचे कर्तव्य होय.