वाडीवरचा वर्ग : पेण-रोह्यातील बिनपगारी शिक्षणाची परंपरा

पेण आणि रोहा हे रायगडातील एकमेकांना लागून असलेले तालुके. फी न घेता आणि पगाराविना शिकवण्याचा विचार मांडणारी दोन माणसे याच तालुक्यांत जन्मली, आणि अशा शिक्षणाची सर्वाधिक निकड असलेला कातकरी समाजही इथल्याच वाड्यांवर राहतो.

विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे गावी झाला. खेड्यासाठी त्यांनी एक तासाची शाळा सुचवली : सकाळी तासभर मुलांसाठी, संध्याकाळी तासभर मोठ्यांसाठी. उरलेला दिवस शेतीचा आणि उद्योगाचा. शिक्षकानेही स्वतःच्या श्रमावर जगावे, म्हणजे शाळा सरकारी पैशावर अवलंबून राहत नाही, ही त्यामागची भूमिका होती.

स्वाध्याय परिवाराचे प्रवर्तक पांडुरंगशास्त्री आठवले १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्यात जन्मले. त्यांच्या प्रेरणेने सुरू झालेली बाल संस्कार केंद्रे स्वाध्यायी मंडळी वेतन न घेता चालवतात. याच जिल्ह्यातील रेवदंड्याचे नानासाहेब धर्माधिकारी यांच्या श्री बैठकीतूनही प्रौढ साक्षरतेचे वर्ग निघाले. या प्रयत्नांचा गाभा संस्कारांचा आणि निरूपणाचा. शाळेचा बुडालेला अभ्यास भरून काढणे हे त्यांचे काम नव्हे. तरी पगाराविना नेमाने शिकवता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

कातकरी मुलांची अडचण निराळी आहे. पावसाळ्यात घर चालवायला घेतलेली उचल फेडण्यासाठी दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वीटभट्टीवर काम नवरा-बायकोच्या जोडीने होते, मजुरी हजार विटांमागे ठरते आणि आठवड्याला हातात पडते ती फक्त खर्ची, म्हणजे घरखर्चापुरती रक्कम. आईबाप पहाटेआधीच गारा मळायला बसतात. थोरले मूल धाकट्याला सांभाळते, वाळत्या विटा उलटते. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि दुसऱ्या सत्रात मूल गावातच नसते. त्यात घरची बोली कातकरी आणि पुस्तकाची भाषा प्रमाण मराठी, त्यामुळे परतलेले मूल वर्गात मागे पडते.

यावरचा ठाण्याकडचा उपाय म्हणजे भोंगाशाळा. भट्टीवरच्या तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद या संस्थेने १९९०च्या दशकात भट्टीवरच वर्ग भरवले. त्याआधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. पुढे कोसबाडला अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा उभी राहिली. नर्मदाकाठी नर्मदा बचाव आंदोलनाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जीवनशाळा काढल्या. या साऱ्यांचे सूत्र एकच : मूल जिथे आणि ज्या वेळी मोकळे असते, तिथे आणि त्या वेळी वर्ग भरवायचा.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला आणि अशा वर्गांचे स्थान बदलले. मान्यतेशिवाय शाळा चालवण्यास कायद्याने मनाई आहे. मात्र शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. स्थलांतरित मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी पत्रकाची सोय केली. हे पत्रक दाखवले की नव्या गावच्या शाळेत मुलाला दाखल करून घेतले जाते.

त्यामुळे असे वर्ग चालवणाऱ्या स्वयंसेवकांचे काम जिल्हा परिषदेच्या शाळेशी स्पर्धा करण्याचे नाही. भट्टीवरची मुले मोजणे, पालकांना पत्रक मिळवून देणे, जवळच्या शाळेत नाव घालणे आणि संध्याकाळी बोलीतून अभ्यास घेणे, एवढे त्यांच्या हाती आहे. मर्यादाही उघड आहेत. शिकवणारे बहुधा कॉलेजचे विद्यार्थी; परीक्षा आल्या किंवा नोकरी लागली की वर्ग बंद पडतो. वाडीतलीच शिकलेली मुलगी शिकवू लागली तर वर्ग अधिक टिकतो, कारण तिला बोली येते आणि घरे माहीत असतात. उचलीचे चक्र मात्र कोणत्याही वर्गाने थांबत नाही. त्यासाठी गावातच रोजगार आणि जमिनीचा हक्क लागतो.