हेलिकॉप्टरच्या मोठ्या प्रतिकृतींची मांडणी व झुकणारी पाती : एक विवेचन

बीजशब्द : प्रतिकृती, रोटर, स्थितिस्थापकता, कॅन्टिलिव्हर, क्रीप, विज्ञान-प्रदर्शन

प्रस्तावना :

काही वर्षांपूर्वी विदर्भातील एका विज्ञान-प्रदर्शनात आमच्या द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने एमआय-१७ या हेलिकॉप्टरची १:३५ प्रमाणातील प्लॅस्टिकची प्रतिकृती मांडली होती. जमिनीवर उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरची छायाचित्रे पाहून त्याने पाचही पाती टोकाकडे किंचित खाली वाकवली होती. परीक्षकांनी 'पाती सरळ नाहीत' असा शेरा मारून गुण कमी केले. पुढे ती प्रतिकृती विभागातील काचेच्या कपाटात ठेवण्यात आली. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जून महिन्यात कपाट उघडले तेव्हा एक पाते शेपटीच्या दांड्याला टेकले होते आणि उरलेली चार प्रत्येकी निराळ्या मापाने लोंबत होती. खिडकीच्या बाजूची दोन सर्वांत अधिक.

विद्यार्थ्याने दिलेला बाक आणि उन्हाळ्याने दिलेला बाक पाहणाऱ्याला एकच वाटतो. वस्तुतः पहिला यथार्थ होता व दुसरा दोष होता. हा भेद ज्याला कळला नाही, तो प्रतिकृती सुधारण्याच्या नादात ती खोटी करून बसतो. या भेदाचे कारण कोणते आणि तो मांडणीत कसा सांभाळावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खऱ्या हेलिकॉप्टरचे पाते का झुकते?

हेलिकॉप्टरचे पाते लांब, अरुंद व पातळ असते आणि ते केवळ एका टोकाला धरलेले असते. घराच्या सज्जाप्रमाणेच ते एक कॅन्टिलिव्हर होय. फरक इतकाच की सज्जा वाकू नये म्हणून जाड बांधतात, तर पाते मुद्दाम लवचीक ठेवतात. इंजिन बंद असताना ते स्वतःच्याच भाराने खाली येते. अनेक रोटरांत पाते मुळाशी बिजागरीने जोडलेले असते. तेथे ते ठरावीक मर्यादेपलीकडे खाली येऊ नये म्हणून अटकाव बसवलेला असतो.

रोटर फिरू लागला की चित्र पालटते. एमआय-१७ च्या रोटरचा व्यास सुमारे २१.३ मीटर असून तो मिनिटाला सुमारे १९२ फेरे घेतो. पात्याच्या मध्याजवळचा, अक्षापासून ५.३ मीटरवरचा भाग घेतला तर तेथील केंद्रोत्सारी त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या दोनशे पटींहून अधिक भरते. दोरीला दगड बांधून गरगरा फिरवला की दोरी ताठ होते, तद्वतच पाते ताणले जाऊन जवळजवळ आडवे होते. उड्डाणात उत्थापक बलामुळे ते आडव्या पातळीच्याही काही अंश वर जाते आणि सर्व पाती मिळून पसरट शंकूचा आकार धारण करतात.

अर्थात जमिनीवर उभ्या हेलिकॉप्टरची पाती खाली झुकलेली असली पाहिजेत व उडत्या हेलिकॉप्टरची किंचित वर. आमचे परीक्षक ज्या सरळ पात्यांची अपेक्षा करीत होते, ती पाहिली तर उडताना नाही, उभे असतानाही नाही!

प्रतिकृती जितकी मोठी, तितका बाक अधिक :

सर्वत्र सारख्या जाडीची पट्टी एका टोकाला घट्ट धरली असता स्वभाराने तिचे मोकळे टोक किती खाली येईल, हे लांबीच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. जाडीच्या वर्गाशी त्याचे प्रमाण व्यस्त आहे. रुंदीचा संबंध येत नाही. पदार्थाचा संबंध येतो तो घनता व यंगचा स्थितिस्थापकता गुणांक यांच्या गुणोत्तराच्या रूपाने.

प्रतिकृती बहुधा पॉलिस्टायरीनच्या असतात. त्याची घनता घनसेंटिमीटरला सुमारे १.०५ ग्रॅम व यंगचा गुणांक सुमारे ३ गिगापास्कल आहे. ३० सेंमी. लांब व २ मिमी. जाड अशी पट्टी घेतली (१:३५ मधील एमआय-१७ चे पाते साधारण याच मापाचे होते), तर तिचे टोक जवळजवळ १० मिमी. खाली येते. हीच प्रतिकृती निम्म्या प्रमाणात केली, म्हणजे पट्टी १५ सेंमी. लांब व १ मिमी. जाड घेतली, तर बाक अडीच मिमी.च्या आसपास राहतो. माप दुप्पट झाले की बाक चौपट होतो. १:७२ च्या लहान प्रतिकृती करणाऱ्यांना ही अडचण फारशी जाणवत नाही आणि मोठ्या प्रतिकृतीकडे वळताच त्यांचा अनुभव अपुरा पडतो, तो यामुळेच.

हा तात्कालिक बाक झाला. भार काढला की तो नाहीसा होतो. कपाटात घडले ते याहून वेगळे. प्लॅस्टिकवर अल्प भार दीर्घकाळ राहिला तर ते हळूहळू वाकत जाते आणि पुढे भार काढला तरी पूर्ववत होत नाही. यास 'क्रीप' म्हणतात. पॉलिस्टायरीन मऊ होऊ लागते ते १०० अंश सेल्सिअसच्या सुमारास. परंतु क्रीपचा वेग त्याच्या बऱ्याच अलीकडे तापमानाबरोबर वाढत असतो. विदर्भातील मे महिना, बंद काच, त्यात पात्यांना गडद रंग. गडद रंग ऊन शोषून घेतो, हे सांगणे नलगे. खिडकीच्या बाजूची पाती अधिक लोंबली यात नवल नव्हते.

उपाय व त्यांचे गणित :

सर्वसामान्यपणे सुचवला जाणारा उपाय म्हणजे पात्याच्या पोटात पोलादी तार घालणे. आम्हीही प्रथम तोच केला. नंतर गणित मांडले तेव्हा असे दिसले की १५ मिमी. रुंद व २ मिमी. जाड पट्टीच्या मध्यातून १ मिमी. व्यासाची तार नेली तर ताठपणा सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. पण तारेमुळे वजनही सहाव्या हिश्श्याने वाढते. प्रत्यक्ष लाभ दहा-बारा टक्क्यांचा. शिवाय प्लॅस्टिक जसजसे सैल पडते तसतसा भार तारेवर येतो व एकटी तार तो पेलण्यास पुरेशी नसते.

येथे पदार्थाइतकेच महत्त्व जागेला आहे. वाकणाऱ्या पट्टीच्या मध्यभागावर ताण नगण्य असतो. वरचा थर ताणला जातो व खालचा दाबला जातो. म्हणून बळकटी मध्यात न देता पृष्ठभागांवर द्यावी. कार्बन-तंतूंच्या, ३ मिमी. रुंद व अर्धा मिमी. जाड अशा दोन पट्ट्या पात्याच्या वरच्या व खालच्या बाजूस खाच करून एपॉक्सीने बसवल्या तर ताठपणा सुमारे आठपट होतो, वजन मात्र पाचेक टक्केच वाढते. दहा मिमी.चा बाक सव्वा मिमी.वर येतो. त्याच दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून मध्यात घातल्या असत्या तर ताठपणा दुपटीच्याच आसपास राहिला असता. खाच भरून, घासून, रंग दिला की काही दिसत नाही. काम मात्र चिकाटीचे आहे. पहिले पाते आम्ही वाया घालवले.

संपूर्ण पाते धातूचे करावे, असेही काहीजण सुचवतात. ॲल्युमिनिअमचे पाते त्याच मापाच्या पॉलिस्टायरीनच्या पात्याच्या सुमारे नवव्या हिश्श्याइतकेच वाकते. पोलाद त्याहून श्रेष्ठ ठरेल अशी समजूत असते. परंतु पोलाद जितके ताठ तितकेच जड असल्याने घनता व गुणांक यांचे गुणोत्तर दोहोंत जवळपास सारखेच येते आणि स्वभाराने होणारा बाकही सारखाच राहतो. मग रोटरच्या दांड्यावर तिप्पट भार कशाला घ्यावा?

आधीच लोंबलेले पाते हाताला सोसवणार नाही इतक्या गरम, पण उकळत्या नव्हे अशा पाण्यात बुडवून सपाट फळीवर थंड होईतो दाबून ठेवल्यास सरळ होते. बळकटी न देता ते पुन्हा बसवले तर पुढील उन्हाळ्यात तेच घडते. पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्याने पाते वरून ताणून धरणे मला पसंत नाही. नायलॉनही काळाने ताणले जाते आणि दोरा दुरून दिसला नाही तरी जवळून दिसतोच.

रेडिओ-नियंत्रणाने उडणाऱ्या मोठ्या प्रतिकृतींची गोष्ट निराळी आहे. त्यांची पाती बहुधा काच-तंतू वा कार्बन-तंतूंची असून ती स्वतः फारशी वाकत नाहीत. तेथे झुकाव दिसला तर प्रथम मध्यवर्ती जोडातील रबरी कडी तपासावीत; ती झिजली असल्यास पाते मुळापासूनच खाली येते. बाक कोठून सुरू होतो हे पाहिले की निदान होते.

प्रत्यक्ष मांडणी :

उभे हेलिकॉप्टर दाखवायचे असल्यास पाती पूर्ण सरळ करू नयेत. खऱ्या बाकाचे माप छायाचित्रावरून घेऊन त्याच वळणाच्या साच्यावर बळकटीच्या पट्ट्या चिकटवाव्यात, म्हणजे पाते त्या आकारातच स्थिर होते. बाक पाचही पात्यांना सारखा हवा. उडते हेलिकॉप्टर दाखवायचे असेल तर पाती मुळाशीच काही अंश वर उचलावीत. पाती पितळी नळीत सरकवून काढता-घालता येतील अशी ठेवल्यास सुट्टीच्या काळात ती काढून सपाट ठेवता येतात आणि प्रवासातही मोडत नाहीत.

आमच्या विद्यार्थ्याच्या प्रतिकृतीला आता नवी पाती आहेत. कपाट खिडकीपासून दूर, उत्तरेकडील भिंतीशी हलवले आहे. प्रतिकृतीसमोरील पत्रिकेवर 'जमिनीवर उभे, इंजिन बंद' अशी ओळ त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिली आहे. कपाटाच्या मागच्या फळीवर प्रत्येक पात्याच्या टोकाची उंची पेन्सिलने नोंदवलेली असून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रथम वर्षाचे विद्यार्थी ती पुन्हा मोजतात.