पैशाच्या इंग्रजी म्हणी : ऐकीव गोष्टी आणि खरा इतिहास

'मनी इज द रूट ऑफ ऑल ईव्हिल' हे बायबलचं वचन म्हणून सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात नव्या करारात, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, दोष पैशाला नाही, पैशाच्या लोभाला दिलेला आहे. तोंडातोंडी 'लोभ' गळला आणि कष्टाचा पैसाही बदनाम झाला.

'अ पेनी सेव्ड इज अ पेनी अर्न्ड' ही म्हण बेंजामिन फ्रँकलिनच्या नावावर खपते. त्याचा जन्म 1706 चा. याच अर्थाची म्हण जॉर्ज हर्बर्टच्या 1640 मधल्या संग्रहात आहे. फ्रँकलिनने काही लपवलंही नव्हतं. आपण काढलेल्या पंचांगातल्या म्हणी अनेक काळांच्या आणि देशांच्या आहेत, हे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

'वर्थ हिज सॉल्ट'मागची गोष्ट मात्र हटता हटत नाही : म्हणे रोमन सैनिकांना पगारात मीठ मिळायचं. असं सांगणारा एकही प्राचीन पुरावा नाही. पगार नाण्यांत मिळे. ऑगस्टसच्या काळात साध्या सैनिकाला वर्षाला 225 देनारियस, तीन हप्त्यांत. त्यातूनच कपडे-हत्यारांचे पैसे कापले जात. लॅटिनमध्ये भत्ता किंवा पगार या अर्थाने 'सॅलारियम' हा शब्द होता आणि त्याचं नातं मिठाशी आहे, एवढं खरं. तेवढ्यावरून मिठाचा पगार सिद्ध होत नाही. खाल्ल्या मिठाला जागणारी आपली भाषा, म्हणून ही गोष्ट आपल्याला जरा लवकरच पटते.

मला सगळ्यांत मोलाची वाटते ती 'अर्ध्या पेनीच्या डांबरापायी जहाज घालवू नका' ही म्हण. ऐकताच बंदर डोळ्यांपुढे येतं, पण ती आहे कुरणातली. सतराव्या शतकातल्या तिच्या रूपांत जहाज नाही, मेंढरू आहे. लोकर कातरताना कातडीला कात्री लागली, की जखमेवर माश्या बसतात, अळ्या पडतात आणि जनावर हातचं जातं. म्हणून इंग्लंडचे मेंढपाळ जखमेला लगेच डांबर फासत. रस्त्यावरचं नव्हे, पाइनच्या लाकडातून काढलेलं. काही भागांत 'शीप'चा उच्चार 'शिप' असा होई. जहाजालाही डांबर लागतंच, त्यामुळे अदलाबदल कुणाला खटकली नाही. हिशेबाने पाहिलं तर मूळ म्हणच चोख आहे. अर्ध्या पेनीचं डांबर अख्ख्या जहाजाला कुठलं पुरणार? मेंढराच्या जखमेला मात्र ते पुरत होतं.