परदेशी सैनिकाचं मूळ गाव

अमेरिकी यादवी युद्धात (१८६१-६५) उत्तरेच्या सैन्यातला साधारण दर चौथा सैनिक परदेशात जन्मलेला होता. सर्वाधिक जर्मन, त्याखालोखाल आयरिश. भरतीच्या कागदावर जन्मस्थान मात्र बहुधा नुसतं ‘जर्मनी’ किंवा ‘आयर्लंड’.

खरं गाव मिळण्याची आशा वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या पेन्शनच्या कागदांत जास्त. विधवेला लग्न सिद्ध करावं लागे, मुलांची वयं दाखवावी लागत. त्यासाठी कधी मायदेशातल्या चर्चचा दाखला जोडलेला असतो, कधी घरची पत्रं, कधी त्याच गावाहून आलेल्या सोबत्याची साक्ष. शोध इथूनच सुरू करावा, असं माझं ठाम मत आहे. त्या काळच्या नागरिकत्वाच्या अर्जांत गावाचं नाव क्वचितच असे.

सैनिक हॅम्बुर्गहून बोटीवर चढला असेल, तर १८५०पासूनच्या तिथल्या प्रवासी याद्या पाहाव्यात. त्यांत गावाची नोंद असते. पुढे गावच्या चर्चची बाप्तिस्म्याची वही.

आयरिश वंशजांचं दुःख वेगळं. १९२२मध्ये डब्लिनच्या सरकारी अभिलेखागाराला लागलेल्या आगीत १८२१ ते १८५१च्या जनगणनांचे बहुतेक कागद जळाले. कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या त्या अभिलेखागारात जमा केलेल्याच नव्हत्या, म्हणून वाचल्या.