लोणारचे गुलाबी पाणी आणि कुरबानीची ओझडी

जून 2020 मध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर एकाएकी गुलाबी झाले. कुणी चमत्कार म्हटले, कुणी धास्तावले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या ‘हॅलोआर्किया’ या सूक्ष्मजीवांचा निघाला. पाणी आटले, खार वाढला आणि त्यांची चलती झाली. त्याच सरोवराच्या गाळात मिथेन वायू बनवणारे जीव आहेत, आणि तो वायू खाऊन जगणारेही.

एकाचे उष्टे ते दुसऱ्याचे जेवण, असा हा संसार. गोबर गॅसच्या टाकीत माणसाने हीच वस्ती मुद्दाम वसवलेली असते. पहिली टोळी चारा, शिळेपाके फोडते. दुसरी त्याची आम्ले करते. तिसरी त्या आम्लांपासून सिरक्यातले आम्ल आणि हायड्रोजन काढते. चौथी त्यातून मिथेन बनवते, ज्यावर आपली शेगडी पेटते. ही चौथी टोळी फार संथ वाढते. तिने हायड्रोजन उचलला नाही, तर तिसरीचे काम अडते, आम्ल साचते, टाकी आंबते आणि गॅस बंद!

टाकी सुरू करताना ताजे शेण का घालतात, हे आता कळेल. ही सारी वस्ती जनावराच्या पोटातूनच आलेली असते. ओझडीतही तेच चालते. फरक इतकाच की तिथली आम्ले जनावर स्वतः शोषून घेते आणि मिथेन ढेकरेवाटे जातो.

म्हणूनच बकरी ईदला ओझडीतला अर्धवट पचलेला चारा नालीत पडलेला दिसला की आम्हाला वाईट वाटते. तहारतीची शिकवण घरोघरी, आणि तिसऱ्या दिवशी मोहल्ल्यात नाक धरून चालायचे! तो चारा टाकीसाठी तयार विरजणच आहे. मात्र ईदचा सगळा माल एकाच दिवशी ओतू नये. रोजच्या शेणपाण्यात थोडा थोडा मिसळून काही आठवडे पुरवावा. रक्त आणि चरबी तर फारच बेताने. रक्तातून अमोनिया सुटतो, चरबीची साय धरते, आणि दोन्हींनी चौथी टोळी गारद होते. फिनाईलचे पाणीही टाकीत जाऊ देऊ नये.

टाकी नसेल, तर शेतात खड्डा घ्यावा. खाली सोयाबीनचे कुटार, वर ओझडीतला चारा, पुन्हा कुटार, आणि शेवटी वीतभर माती, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. खड्डा विहिरीपासून लांब हवा.